काकवीचा रंग

माणसानं जळावं तर भाऊबंदावर जळावं, बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्यावर जळावं; त्याला काही रीत आहे. अण्णासो जळायचे ते आपल्या व्याह्यांवर. त्यातही व्याही दुष्ट असते, मानपानाला हपापलेले असते, तर चार लोकांत बोलून मन तरी मोकळं करता आलं असतं. पण जयसिंगपूरचे शिवप्रसाद इतके भले, की त्यांच्याविरुद्ध शब्द काढावा तर ऐकून घ्यायला घरात कुणी तयार नसायचं. अण्णासोंची बायको हिराबाई तर तोंडावर म्हणायची, "असला सासरा दिवा घिऊन हुडकला तरी मिळायचा न्हाय." आता हा सासरा हुडकला कुणी होता? अण्णासोंनीच. चपला झिजवून, चार स्थळं नाकारून. पण त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

अण्णासोंचं गुऱ्हाळ पन्हाळ्याच्या पायथ्याला, आजोबांच्या काळापासूनचं. त्यांच्या गुळाची ढेप फोडली की आतून पिवळीधमक निघायची आणि कोल्हापूरच्या यार्डात व्यापारी ती एकमेकांना बोलावून दाखवायचे. आजूबाजूची गुऱ्हाळं रंग यावा म्हणून उकळत्या रसात पांढरी पावडर टाकायची. अण्णासोंच्या काहिलीत तीन पिढ्या भेंडीच्या चिकट पाण्याशिवाय काही पडलं नव्हतं. ते पाणी सोडलं की रसातली सगळी मळी फेस होऊन वर यायची, आणि अण्णासो झाऱ्यानं ती काढत असले की त्यांची एकुलती एक पोरगी, वर्षाराणी, शेजारी उसाच्या मोळीवर बसून विचारत राहायची, "अप्पा, आता काढायची? अप्पा, आता?" दिवसभर तिचं तोंड बंद नसायचं. अण्णासो वैतागायचे, पण एखाद्या दिवशी ती आली नाही तर त्यांच्या हातून मळी राहून जायची.

हीच पोरगी मोठी झाली आणि म्हणाली, नाशकाला जाऊन वाइन करायचं शिक्षण घेणार. अण्णासोंनी डोक्यात राख घालून घेतली. "गळ्यात लिंग हाय आपल्या, आणि पोरगी दारू गाळायला जाणार?" पोरगी बापासारखीच हट्टी, गेली. अण्णासोंनी फी भरली, पण बोलणं टाकलं. पावण्यारावळ्यांत विचारलं तर सांगायचे, "फळप्रक्रिया शिकतीया." वर्षाराणी सुट्टीला आली की आईशी बोलायची, आणि बापासमोर आली की नाशकातली शुद्ध भाषा काढून "अप्पा, तुम्ही जेवलात का?" एवढं विचारायची. ते जे परकेपण आलं ते आलंच. पुढं बोलणं सुरू झालं, पण उसाच्या मोळीवर बसणारी पोरगी काही परत आली नाही.

शिवप्रसादांचं घर अण्णासोंनी निवडलं ते जरा हिशेबानंच. द्राक्षबागायतदार, आपल्यातलेच, लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारे. अशा घरात हे वाइनचं खूळ आपोआप सुटेल, असा त्यांचा होरा होता. झालं भलतंच. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात वर्षाराणीनं भीत भीत विषय काढला, तर शिवप्रसाद म्हणाले, "द्राक्षाचाच रस की पोरी. शिकलीयास तर कर. मी पिणार न्हाय, पर पिकवून दीन." नुसतं बोलून थांबले नाहीत. तिला सेंद्रिय फेसाळती वाइन करायची होती, तर त्यांनी मळ्याजवळची बाग वेगळी काढून दिली, तिथली औषधं बंद केली, शेजाऱ्याच्या फवाऱ्याचा वारा येऊ नये म्हणून बांधावर शेवरीची दाट झाडी उभी केली आणि सेंद्रियचा दाखला मिळेपर्यंत तीन हंगाम निम्म्या मालावर काढले. जावई विश्वजित विक्रीसाठी पुण्या-मुंबईला हेलपाटे घालायचा. आणि मग पेपरात फोटो आला. वेलीखाली वर्षाराणी, तिच्या खांद्यावर हात ठेवून शिवप्रसाद, आणि वर ठळक मथळा: सासऱ्यांच्या आधारानं सुनेची भरारी. हिराबाईनं तो कापून फ्रिजवर चिकटवला. अण्णासोंनी त्या दिवसापासून फ्रिजमधलं पाणी प्यायचं सोडलं. माठातलं बरं असतं म्हणाले.

पोरगी वाढवली कुणी, शिकवली कुणी, आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलं कोण? हे ते रोज स्वतःशी म्हणायचे. नाशकाला जाऊ नको म्हणून आपण आकाशपाताळ एक केलं होतं, हे मात्र सोयीनं विसरायचे.

एकच गोष्ट त्यांच्या बाजूची होती: काकवी. फेसाळत्या वाइनची रीत अशी, की आधी साधी वाइन करायची, मग ती बाटलीत भरताना थोडं यीस्ट आणि थोडी गोडी घालून वर पत्र्याचं घट्ट बूच मारायचं. यीस्ट ती गोडी खातं, आणि त्यातून निघणारा वायू कोंडून राहिला की तोच फेस. बाकीचे लोक त्यासाठी साखर वापरतात. वर्षाराणी म्हणाली, कोल्हापूरची वाइन आहे तर गोडीही कोल्हापूरचीच हवी. माझ्या अप्पांची काकवी घालणार. गूळ घट्ट होण्याआधीचा तो दाट, मधासारखा रस. अण्णासोंच्या छातीत त्या दिवशी काहीतरी हललं. व्याह्यांनी बाग सेंद्रिय केली काय? त्यांनीही ऊस सेंद्रिय केला, गुऱ्हाळाचा दाखला मिळवला, आणि तो दाखला चौकट करून देवघराशेजारी टांगला.

पण सेंद्रिय उसाची काकवी काळपट यायला लागली. भेंडी तीच, काहील तीच, हातही तोच, पण तो जुना पिवळेपणा काही केल्या येईना. यार्डातले लोक आता ढेप बघून गप्प बसायचे. अण्णासोंनी तेही सोसलं असतं.

मागच्या डिसेंबरात चाचणीच्या बाटल्या फोडायच्या म्हणून जयसिंगपूरहून बोलावणं आलं. शेडमध्ये पाचपन्नास माणसं, कुणी हॉटेलवाले, कुणी व्यापारी. अण्णासो नवा फेटा बांधून गेले. वर्षाराणी गर्दीत पलीकडे होती. तिथून तिची हाक आली, "अप्पा, जरा इकडं या की!" अण्णासो खुर्चीवरून उठले, धोतर सावरलं, "आलो गं" म्हणाले. तोवर शिवप्रसाद तिच्याजवळ पोचले होते. हाक त्यांना होती. त्या घरात सासऱ्यांनाही सगळे अप्पाच म्हणायचे. अण्णासो उठलेच होते तर तसेच पाण्याच्या टाकीकडे गेले आणि तहान नसताना पेलाभर पाणी प्याले.

मग प्रसंग घडला तो असा. एका काचेच्या पेल्यात साखर घातलेली वाइन होती, दुसऱ्यात काकवी घातलेली. शिवप्रसादांनी दोन्ही पेले उजेडाला धरले. स्वतः चाखणार नव्हते, रंगच बघत होते. आणि हसत हसत, अगदी प्रेमानं म्हणाले, "पावणं, तुमची काकवी जरा सावळी दिसतीया की वो!" लोक हसले. एक हॉटेलवाला म्हणाला, साखरेचीच करा मॅडम, रंग फिका हवा असतो गिऱ्हाइकाला. वर्षाराणी म्हणाली, "बघू, हंगामाला ठरवू."

ते 'बघू' घेऊन अण्णासो घरी आले. शिवप्रसाद त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले होते, वर खायला केळी घेऊन दिली होती. अण्णासोंनी ती केळी हातकणंगल्याला एका भिकाऱ्याला दिली. ह्या माणसानं पोरगी घेतली, पेपर घेतला, आता आपली काकवीही बाटलीतून काढायला निघाला, ह्यापलीकडे त्यांना काही सुचत नव्हतं. काकवी गेली की लेकीच्या बाटलीत बापाचं काय उरणार? काहीच नाही. रात्री हिराबाईनं विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?" तर म्हणाले, "झाला." हिराबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि वाढायला घेतलं. त्या तोंडाची तिला सवय होती.

फेब्रुवारीत काकवी पाठवायची वेळ आली. सकाळी काहील चढली. रस उकळला, भेंडी पडली, मळी निघाली, आणि अण्णासोंनी पळीभर रस उचलून उन्हात धरला. सावळा. त्यांनी गुळव्याला, जोतीरामला, चहा प्यायला पाठवलं. कनवटीला कागदाची पुडी होती. आदल्या दिवशी शेजारच्या गुऱ्हाळातून आणलेली. धोतर उजळायला पाहिजे म्हणून मागितली होती, आणि ते एका अर्थी खरंही होतं, कारण ती पावडर धोतरही उजळते. आजोबांनी हातात धरली नसती, वडिलांनी काहिलीच्या वाऱ्याला उभी केली नसती. अण्णासोंनी पुडी सोडली आणि चिमूट टाकली. मग आणखी एक.

रस डोळ्यांदेखत उजळला. पूर्वीच्या ढेपीसारखा पिवळाजर्द. अण्णासो त्याच्याकडं बघत उभे राहिले, आणि त्यांच्या मनात आलं ते लेकीचं तोंड नव्हे, व्याह्यांचं. बघा म्हणावं आता पेले उजेडाला धरून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्यालाच, पण त्या घडीला ते त्यांना कोण सांगणार? जोतीराम परतला तो काहिलीत डोकावून म्हणाला, "मालक, जुना रंग आला की!" अण्णासो म्हणाले, "भेंडी ताजी हुती."

काकवी जयसिंगपूरला गेली. वर्षाराणीचा फोन आला, "अप्पा, काय रंग आलाय! माझे नाशकाचे सर आले होते, त्यांनाही दाखवला." मग पुढं म्हणाली, "आता साखरेचं नावच काढत नाही." अण्णासो त्या दिवशी फ्रिजमधलं पाणी प्याले.

काकवी सगळी वापरली गेली, डबे घासून परत आले. बाटल्या भरल्या, बुचं बसली. इमाम मिस्त्रीनं बनवून दिलेल्या लाकडी घोड्यांवर त्या मान खाली करून लावल्या गेल्या आणि शिवप्रसाद रोज पूजा झाली की प्रत्येक बाटलीला थोडा थोडा पीळ देत फिरू लागले, म्हणजे तळाचा गाळ मानेशी येतो. वर्षाराणी फोनवर हे कौतुकानं सांगायची. अण्णासो ऐकायचे आणि विषय पावसावर न्यायचे.

जुलैमध्ये फोन आला तो हिराबाईला. पोरगी रडत होती. बाटल्या फसल्या होत्या. बूच उघडलं की आवाज नाही, फेस नाही, नुसतं सपक पाणी. एक नव्हे, सगळ्या. त्यात सेंद्रियच्या तपासणीला मॅडम येणार होत्या, आणि प्रयोगशाळेचा अहवाल बरा नव्हता. काकवीचा दाखला घेऊन अप्पांनाही यायला सांगितलं होतं.

खाई त्याला खवखवे. अण्णासोंनी चौकटीतून दाखला काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि एसटीत बसले. पावडरीनं यीस्टला काही होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण पिशवी मांडीवर जड लागत होती. कसलं काय, ते स्वतःला समजावत होते. दोन चिमटी. एवढ्यानं काय होतंय? बाग व्याह्यांची, शेड व्याह्यांची, बाटल्या फिरवणार व्याही. चूक झाली तर तिकडंच कुठं तरी झाली असणार. जयसिंगपूर येईपर्यंत त्यांचा ह्यावर जवळजवळ विश्वास बसला.

तपासणीच्या मॅडम, तहरीम, वर्षाराणीच्याच वयाच्या होत्या. आवाज चढत नव्हता, पण प्रश्न सोडत नव्हत्या. शेडमध्ये एका टेबलाभोवती सगळे बसले: मॅडम, वर्षाराणी, शिवप्रसाद आणि कडेच्या खुर्चीवर अण्णासो.

"टाकीत असताना वाइनमध्ये सल्फाइट नियमात बसतं तेवढंच होतं," तहरीम म्हणाल्या. "बाटलीत ते वाढलंय. त्यामुळेच यीस्ट चाललं नाही. म्हणजे टाकी आणि बाटली ह्यांच्या मध्ये काहीतरी आत गेलं. काय काय गेलं सांगा."

"यीस्ट," वर्षाराणी म्हणाली. "कंपनीचं, मान्यता असलेलं. आणि काकवी."

"काकवीचा नमुना आहे?"

"शिल्लक नाही. ती माझी चूक, ठेवायला हवा होता." वर्षाराणी थांबली आणि मान ताठ करून म्हणाली, "पण मॅडम, तिकडं बघू नका. ती माझ्या वडिलांची काकवी आहे. मी त्या काहिलीशेजारी वाढले. आजूबाजूला सगळे पावडर टाकायचे तेव्हाही त्यांनी टाकली नाही. कागद नसता तरी मी त्या काकवीची हमी दिली असती."

अण्णासोंनी पिशवीतला दाखला टेबलावर ठेवला. कुणी बघितलासुद्धा नाही. एवढ्या वर्षांत ज्या शब्दांसाठी ते झुरत होते ते हे, आणि आले ते असे. पेपरातल्या फोटोहून मोठे. त्यांना वाटलं, आता उठून जावं, हे शब्द घेऊन सरळ घरी जावं.

"मग धुलाई उरते," तहरीम म्हणाल्या. "बाटल्या सल्फाइटच्या पाण्यानं निर्जंतुक करता ना? नंतर साध्या पाण्यानं विसळणं कुणाकडं होतं?"

"माझ्याकडं," शिवप्रसाद म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मॅडम, बाटल्या विसळायच्या वक्ताला लाईट गेलती. पंप बंद पडला. मी बादलीनं विसळल्या. कमी पडलं असंल. म्हातारा माणूस, हयगय झाली असंल माझ्याच हातनं."

खरं म्हणजे झाली नव्हती. शिवप्रसादांच्या हातून हयगय होत नसे. पण भल्या माणसाला स्वतःवर संशय घ्यायला वेळ लागत नाही.

तहरीम म्हणाल्या, ह्या बाटल्यांवर सेंद्रियची खूण येणार नाही हे तर झालंच. पण चूक वायनरीच्या कामात असेल तर वायनरीचाच दाखला थांबवावा लागेल, पुढच्या तपासणीपर्यंत. म्हणजे पुढचा हंगामही गेला. त्या गाडीतून काही आणायला बाहेर गेल्या आणि त्यांची पाठ वळताच वर्षाराणीचा बांध फुटला.

"अप्पा, तुमास्नी किती डाव सांगितलं हुतं, लाईट गेली तर काम थांबवा म्हणून? किती डाव? ऐकायचं म्हणून न्हाई! मी सांगतो एक आणि तुम्ही करतासा एक! बादलीनं विसळतोय म्हणं! थांबला असता एक दिवस तर काय बिघडलं असतं?"

नाशकाची भाषा कुठल्या कुठे गेली होती. शिवप्रसाद मान खाली घालून म्हणाले, "चुकलं पोरी."

अण्णासोंना आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोला? पाच वर्षं ज्या माणसाच्या नावानं ते आतल्या आत जळत होते त्या माणसाला लेक त्यांच्यादेखत झाडत होती. पण ते बरं वाटणं टिकलं नाही. कारण वर्षाराणी तशीच बोलत होती आणि बोलता बोलता तिनं शिवप्रसादांचा हात ओढून पुढं घेतला. "आणि हे काय? बोटं बघा कशी झालीत! हातमोजे घातलं न्हाईसा व्हय? त्या पाण्यात अजून उघडा हात घालतासा? आणि सकाळधरनं काय खाल्लंय तुम्ही? गोळी घेतली? न्हाई घेतली. मला ठावंच हाय!" ती कपाटातून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली आणि त्या सोललेल्या बोटांना तेल चोळायला लागली. तोंडाचा पट्टा चालूच होता. मग तिचं लक्ष कडेच्या खुर्चीकडे गेलं, तिनं आवाज खाली आणला आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही लांबून आलात. बसा ना आरामात. चहा सांगू का?"

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं सासऱ्याला बोलत होती आणि लागत होतं बापाला. पाहुण्याला विचारतात तसा चहा विचारला तिनं. मोळीवर बसून "अप्पा, आता? अप्पा, आता?" म्हणून डोकं खाणारी पोरगी ही समोर होती, जशीच्या तशी, आणि डोकं दुसऱ्याचं खात होती. चूक कुणाची? अण्णासोंची. आणि बोलणी कुणाला? त्याला! हीसुद्धा त्यालाच! माझ्या पावडरीची बोलणीही हा माणूसच घेऊन जाणार? अण्णासोंना एवढा मत्सर पेपरातल्या फोटोनं वाटला नव्हता, अप्पा म्हणून मारलेल्या त्या हाकेनं वाटला नव्हता. पश्चात्ताप बिश्चात्ताप नंतरचा. त्या घडीला त्यांना उभं केलं ते निव्वळ जळण्यानं.

"त्येंचा हात सोड," ते म्हणाले.

वर्षाराणीनं वर बघितलं.

"बाटल्यात काय न्हाय. विसळल्यात त्येनी, बरूबर विसळल्यात. काकवीत हाय." त्यांनी टेबलावरचा दाखला पुढं सरकवला. "मी पावडर घातलती."

दारात तहरीम मॅडम उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं होतं.

"अप्पा, काहीतरी काय बोलता," वर्षाराणी हळूच म्हणाली.

"चेष्टा न्हाय. दोन चिमट्या. रंगासाठी. जोतीरामाला चहाला पाठवून घातली."

तहरीम समोर येऊन बसल्या आणि त्यांनी आणखी काही विचारलं: कसली पावडर, कुठून आणली, आधी कधी वापरली होती का. अण्णासोंनी जे होतं ते सांगितलं. धोतराचंही सांगितलं. मॅडमनी हसू येऊ दिलं नाही. मग म्हणाल्या, त्या पावडरीतून सल्फाइटच उतरतं, हे लेखी द्यावं लागेल. वायनरीचा दाखला राहील, ह्या बाटल्या साध्या वाइन म्हणून जातील, आणि गुऱ्हाळाचा दाखला मात्र जाईल. पुन्हा मिळवायचा तर सगळं पहिल्यापासून. अण्णासोंनी सही केली. टेबलावरचा दाखला मॅडमनी आपल्या पिशवीत ठेवला.

सगळा वेळ वर्षाराणी एक शब्द बोलली नाही. ती तेलाची बाटली हातात धरून बसली होती. मॅडम गेल्या, तरी बोलली नाही. अण्णासो वाट बघत होते. मघाशी सासऱ्यावर कशी तुटून पडली होती, तशी आता आपल्यावर पडेल म्हणून त्यांनी खांदे सुद्धा आवळून धरले होते. काही नाही. मघाची ती हमी, ते ताठ मानेनं म्हटलेलं वाक्य, ते गेलं. आणि त्याच्या बदली बोलणीही मिळाली नाहीत. आपण दोन्हीकडून गेलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते उठले. शिवप्रसाद म्हणाले, "पावणं, जेवून जावा." अण्णासोंनी हात हलवला आणि बाहेर येऊन पायरीवर चपला शोधायला लागले. एक सापडली, दुसरी सापडेना.

"कुठं निघालासा?"

वर्षाराणी दारात होती.

"एसटी हाय अडीचची."

"एसटी गेली खड्ड्यात! हिकडं बघा माझ्याकडं. लाज वाटली न्हाई तुमास्नी? मी हितं त्या मॅडमम्होरं छाती ठोकून सांगतोय, माझ्या अप्पाच्या काकवीत काय निघायचं न्हाई म्हणून, आणि तुम्ही खुर्चीवर बसून ऐकून घेतासा? ह्या म्हाताऱ्याला बोलून घेतलो मी! बोटं सोलल्यात त्येंची, आणि मी त्येंनाच बोललो! आजोबानं कधी घातली न्हाई, पणजोबानं घातली न्हाई, तुमालाच बुद्धी झाली? आणि कशापायी? रंगापायी?"

"तू म्हणालतीस, बघू म्हणून," अण्णासो पुटपुटले. "साखर घालीन म्हणून."

"म्हणालो असंल! काळी आली असती तर काळी घातली असती की! मला रंग पायजे हुता व्हय? रंग पायजे असता तर साखर काय दुकानात मिळत न्हाई? मला तुमची काकवी पायजे हुती! एवढं कळत न्हाई तुमाला? केस पिकलं, अक्कल न्हाई पिकली!"

एका पायात चपल, दुसरा पाय उघडा, असे अण्णासो पायरीखाली उभे होते. लेकीचा आवाज शेडवरून पार बागेपर्यंत जात होता. बांधावरच्या शेवरीपाशी गवत कापणारी बाई विळा थांबवून बघायला लागली. नवा फेटा बांधणाऱ्या माणसाची अशी चव्हाट्यावर अब्रू निघालेली त्या भागानं कधी बघितली नव्हती. अण्णासोंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात हलवला तर ही थांबेल अशी त्यांना भीती वाटली.

"पुढल्या हंगामाला काहील लागंल तवा मी येऊन बसणार," ती म्हणत होती. "मोळीवर बसणार. तुमच्यावर इश्वास ठेवायचं काम संपलं आता. भेंडीसुद्धा मी बघणार. दाखला मिळंपतोर काकवी बाटलीत घालणार न्हाई, पर काहिलीवरनं हलणार बी न्हाई. कळलं का?"

"व्हय," अण्णासो म्हणाले.

"व्हय काय व्हय! मान हलवून झालं व्हय?"

एवढ्यात शिवप्रसाद बाहेर आले. त्यांच्या हातात अण्णासोंची दुसरी चपल होती. व्याह्यांची ती अवस्था बघून त्यांना राहवलं नाही. सुनेच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "जाऊ दे पोरी. वडील हाईत तुझं. चुकतंय माणसाचं. बास कर आता."

वर्षाराणी थांबली. अण्णासोंनी मान वर केली आणि व्याह्यांकडे असं बघितलं, की जन्मात कधी बघितलं नव्हतं.

"पावणं," ते म्हणाले, "तुम्ही मधी पडू नगासा. मला बोलतीया ती."

वर्षाराणीनं पदरानं नाक पुसलं, दम घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.